चढाई बंद करू नका, शिबिरं बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना जवळ आला की आपल्या जिल्ह्यात कबड्डी शिबिरांचे फ्लेक्स लागायला सुरुवात होते. सांगली-मिरजेपासून विटा, आटपाडीपर्यंत एकही तालुका सुटत नाही. आपल्या दैनिकातही बातम्या येतात: उद्घाटनाला कोण होतं, किती खेळाडू आले, समारोपाला ट्रॅकसूट कुणी दिले. शिबिरात मुलं नेमकी काय करतात, कशी पडतात, पडल्यावर त्यांना कोण बघतं, हे मात्र छापून येत नाही. मी पलूस तालुक्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. स्वतः विद्यापीठाच्या संघापर्यंत उजवा कोपरा, म्हणजे बचावातली कडेची जागा, खेळले आहे. आज लिहिते आहे ते याच न छापल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल.

गेल्या उन्हाळ्यात एका निवड शिबिरात माझी एक विद्यार्थिनी घोटा धरायला खाली गेली. चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती बसून राहिली. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, ग्लुकोज पाजलं आणि ‘काही नाही झालं, ऊठ’ म्हणून तिला पुन्हा कोपऱ्यात उभं केलं. तीही उठली. निवड सुरू असताना बसून राहिलं तर नाव कापलं जातं, हे सोळा वर्षांच्या पोरीला पक्कं माहीत असतं. उरलेला सगळा डाव ती खेळली. संध्याकाळी एसटीत माझ्या शेजारी बसून ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, ‘बाई, माझी बॅग कुठाय?’ बॅग तिच्या मांडीवर होती. आम्ही घरी न जाता तशाच मिरजेला गेलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, मेंदूला हादरा बसल्याचं सांगितलं आणि खेळ बंद ठेवायला लावला. पोरगी आता बरी आहे, सराव करते आहे.

पण त्यानंतर तिचे वडील मला म्हणाले, ‘बाई, धावणं शिकवा, लांब उडी शिकवा, ही झोंबाझोंबी नको.’ त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाचा जीव तुटतो. पण गावात हेच बोलणं वाढत गेलं की शाळा हळूच कबड्डीचा संघच काढायचं बंद करतात, हे मी आसपासच्या गावांत पाहिलं आहे. या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे. ती मला सगळ्यांत स्पष्ट दिसली ती आपल्याकडे फारसं कुणी न बघणाऱ्या एका खेळात.

माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिचा मुलगा शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळतो. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, तो खेळ. त्याचं काम किक रिटर्नचं. डावाच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गुणांनंतर एक संघ चेंडू लांब लाथाडतो, तो किकऑफ. दुसऱ्या संघातला एक मुलगा तो मागे उभं राहून झेलतो आणि समोरून धावत येणाऱ्या अकरा जणांतून वाट काढत पुढे पळत सुटतो. कबड्डीच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. एक जण एकटा, समोरचा अख्खा संघ त्याला धरायला टपलेला. फरक आहे तो अंतराचा. आपलं मुलींचं मैदान सगळं मिळून बारा मीटर लांब. तिथे दोन्ही बाजूंची मुलं तीस-चाळीस यार्ड पूर्ण वेगाने पळत येऊन एकमेकांना भिडायची. त्या खेळातली सगळ्यांत भयंकर टक्कर हीच.

एडिसनपासून जवळच रट्गर्स विद्यापीठ आहे. त्याचा एरिक लग्रँड हा खेळाडू १६ ऑक्टोबर २०१० रोजी आर्मी म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाविरुद्धच्या सामन्यात किकऑफनंतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरायला गेला. जाताना डोकं खाली गेलं, टाळू समोरच्यावर आदळली आणि मानेचे मणके मोडले. मानेखालचं शरीर लुळं पडलं. माझ्या बहिणीच्या भागात हे नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याचे प्रशिक्षक ग्रेग शियानो यांनी नंतर किकऑफच काढून टाकावा, त्याऐवजी वेगळ्या पद्धतीने डाव सुरू करावा, असा प्रस्ताव मांडला होता. ज्यांनी आपला मुलगा असा पडलेला पाहिला त्यांना तसं वाटणारच.

आकडेही त्यांच्याच बाजूचे होते. आयव्ही लीग म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ विद्यापीठांची लीग. तिथे २०१५ च्या हंगामाचा हिशेब काढला तेव्हा किकऑफ एकूण खेळींच्या फक्त ६ टक्के होते, पण मेंदूला हादरे बसण्याच्या घटनांपैकी २१ टक्के तिथेच घडल्या होत्या. मग २०१६ मध्ये त्यांनी किकऑफची जागा पाच यार्ड पुढे, आपल्या टोकापासून ४० यार्डांच्या रेषेवर नेली. चेंडू जास्त वेळा थेट समोरच्या टोकाच्या गोलपट्टीत जाऊ लागला, तिथून तो परत पळवावाच लागत नाही; त्यामुळे परत पळणं कमी झालं आणि दर हजार किकऑफमागे साधारण अकरा हादरे बसत होते ते दोनवर आले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग बंदच करा की. व्यावसायिक लीग, एनएफएल, जवळजवळ तिथपर्यंत पोचलीच होती. २०११ मध्ये किकऑफ ३० वरून ३५ यार्डांवर आणला. २०१८ मध्ये लांबून धावत सुटायला बंदी घातली. २०२३ मध्ये तर नुसता हात वर करून चेंडू झेलला तरी २५ यार्डांवरून डाव मिळेल, असं केलं. परिणाम असा झाला की त्या हंगामात दर पाच किकऑफपैकी जेमतेम एकच परत पळवला गेला, आणि फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, एकही नाही. धोका गेला, पण खेळातली सगळ्यांत थरारक चालही गेली. तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, ती बाहेरून दिसत नाही. एनएफएलच्या ट्रेनिंग कॅम्पला प्रत्येक संघात ९० खेळाडू येतात आणि शेवटी ५३ उरतात. मोठी नावं आधीच ठरलेली असतात. तळाच्या दहा-बारा जागांसाठी झुंजणारी मुलं किकऑफला धावून, परतीला पळून, अंगावर घेऊन प्रशिक्षकाच्या नजरेत भरतात. तो दरवाजा बंद झाला की ही मुलं सरळ घरी जातात. डेव्हिन हेस्टर नावाचा खेळाडू मुख्यतः चेंडू परत पळवण्याच्या जोरावरच मोठा झाला. फेब्रुवारी २००७ च्या सुपर बोलमध्ये पहिल्याच किकऑफला तो ९२ यार्ड पळत थेट गोलपट्टीत पोचला. २०२४ मध्ये त्याला त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. फक्त अशा कामासाठी घेतलेला तो पहिलाच.

माझा भाचा अंगाने किरकोळ आहे. रेटारेटीच्या जागी त्याला कुणी उभं करणार नाही. तो म्हणाला, ‘मावशी, मला टीममध्ये घेतलंय ते रिटर्नसाठीच.’ मला लगेच आमच्या चढाई करणाऱ्या मुली आठवल्या. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या, उसाच्या पट्ट्यातल्या, ऊसतोडीच्या कुटुंबांतल्याही काही. ताकदीत त्या कुणापुढे टिकणार नाहीत, पण निदान रेषा, म्हणजे समोरच्या अंगणातली चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा, ओलांडून, एका पायाचा अंगठा टेकवून, पाठ न दाखवता परत येणं त्यांना येतं. त्या एका कौशल्यावर त्यांना जिल्ह्याचा संघ मिळतो, दहावीला क्रीडा गुण मिळतात, आणि राज्यापर्यंत गेल्या तर सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाची आशा धरता येते. चढाईला धोका आहे म्हणून चढाई काढली की या मुलींच्या हातात काय राहणार?

तिकडे शेवटी जो उपाय निघाला, तो मला आपल्या प्रत्येक शिबिरप्रमुखाच्या समोर ठेवावासा वाटतो. २०२४ पासून एनएफएलने किकऑफची मांडणीच बदलली. लाथ मारणारा एकटा ३५ वर. त्याचे दहा साथीदार थेट समोरच्या बाजूच्या ४० यार्डांच्या रेषेवर. त्यांना अडवणारे तिथून जेमतेम पाच-दहा यार्डांवर. चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याच्या हाताला लागेपर्यंत यांतल्या कुणीही हलायचं नाही. म्हणजे परतीची धाव राहिली, धरणं राहिलं, चपळाई राहिली. गेली ती फक्त लांबून वेगात येऊन होणारी टक्कर. पहिल्याच हंगामात परत पळवण्याचं प्रमाण सुमारे २२ वरून ३३ टक्क्यांवर गेलं आणि त्या धावांत मेंदूला हादरा बसण्याचं प्रमाण खाली आलं, असं लीगनेच जाहीर केलं. पुढच्या वर्षी नियम कायम झाला. नेमकी इजा कशाने होते हे त्यांनी शोधलं आणि तेवढंच काढलं.

आपल्या कबड्डीत नेमकी इजा कशाने होते? वर्षानुवर्षं मैदानावर उभी राहून सांगते. चढाईने लागत नाही. पहिल्या पकडीनेही क्वचितच लागतं. लागतं ते पकड पूर्ण झाल्यावर वरून पडणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या खेळाडूचं वजन. लागतो तो डॅश, म्हणजे अंगाची धडक, मैदानाच्या कडेच्या लॉबीबाहेर मॅट संपते तिथे फरशीवर किंवा मुरमावर नेऊन आदळणारा. आणि लागतो तो घोटा धरताना डोकं समोर नेण्याचा चुकीचा शिरस्ता. कोपऱ्याच्या मुलीने खाली जाताना हनुवटी वर ठेवायची, डोकं चढाईवालीच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला ठेवायचं, गुडघ्याच्या रेषेत कधीच आणायचं नाही. हातांनी घोटा ओढायचा, खांद्याने पोटरीला रेटायचं, नजर तिच्या कमरेवर, कारण कमर जिकडे वळते तिकडे ती पळणार. हे शिकवायला वेळ लागतो. हळू चालीने, चढाईवालीला चालायला लावून, शंभरदा करून घ्यावं लागतं. पण शिबिरात पहिल्याच दिवशी दोन संघ पाडून शिट्टी वाजवली जाते. घाबरून खाली बघत गेलेली मुलगी डोकंच पुढे घालते. लग्रँडच्या मानेचं जे झालं त्यात हेल्मेट होतं. आमच्या मुलींच्या डोक्यावर फक्त रिबीन असते.

भाच्याच्या शाळेचा कॅम्प मी ऑगस्टमध्ये कुंपणाला टेकून सकाळी सकाळी बघत असे. मी पूर्ण ताकदीची आपटाआपटी बघायला मिळेल म्हणून गेले होते. ती जवळजवळ नव्हतीच. न्यू जर्सीत शाळांच्या संघटनेने २०१९ मध्ये नियम केला आहे: हंगामाआधीच्या सगळ्या सरावात मिळून पूर्ण ताकदीचा संपर्क सहा तास, आणि हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याला फक्त पंधरा मिनिटं. मग रिटर्नचा सराव कसा? धरणारा मुलगा पूर्ण वेगाने कोन पकडून येतो, शेवटच्या दोन पावलांत वेग मारतो, पळणाऱ्याच्या कमरेला दोन्ही हात लावतो आणि सोडतो. पाडणं शिकायचं ते फोमच्या मोठ्या चाकावर. चाक उतारावरून सोडायचं, मुलाने आडवं जाऊन खांदा लावायचा, डोकं मागच्या बाजूला. डार्टमथ कॉलेजच्या बडी टीव्हन्स या प्रशिक्षकाने तर २०१० पासून सरावात एकमेकांना पाडणंच बंद केलं होतं, पुढे त्यांनी त्यासाठी धावणारा यांत्रिक पुतळाही वापरला. त्यांचे संघ कमजोर झाले नाहीत, २०१५ मध्ये लीगचं विजेतेपद त्यांनी वाटून घेतलं. पकड ताजी राहते, अंग शाबूत राहतं, हे मी डोळ्यांनी पाहून आले आणि आमच्या मैदानावर सुरू केलं. जुन्या गादीच्या कापसाचे लोळ शिवून घेतले आहेत. मुली त्यांच्यावर डॅश मारतात.

उन्हाबद्दल मला जास्त कडक लिहायचं आहे. आपली शिबिरं मे महिन्यात होतात. दुपारी चारला पलूसच्या मैदानावर मुरूम पायाला चटका देतो. त्यात वजनगटासाठी मुली निवडीआधी जेवण आणि पाणी कमी करतात. ही गोष्ट सगळ्या प्रशिक्षकांना माहीत आहे आणि कुणीही ती मोठ्याने बोलत नाही. १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर हा धिप्पाड व्यावसायिक खेळाडू ट्रेनिंग कॅम्पमधल्या उष्माघाताने गेला. सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या नावाने पुढे कनेक्टिकट विद्यापीठात संस्था उभी राहिली. तिचं सांगणं पाच शब्दांत बसतं: आधी थंड करा, मग हलवा. उष्माघात झालेल्या खेळाडूला गाडीत घालून पळवण्याआधी बर्फाच्या पाण्यात मानेपर्यंत बसवायचं, अंग थंड झालं की रुग्णालय. एडिसनच्या त्या मैदानाच्या कडेला सकाळपासून पाण्याने भरलेला मोठा टब आणि बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या असायच्या. सुरुवातीचे काही दिवस मुलांना पॅडही घालू देत नव्हते, उन्हाची सवय होईपर्यंत. तिथलं ते ऊन आपल्या एप्रिलच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

आपल्याकडे टब कुठून आणायचा, असं कुणी विचारू नये. द्राक्षबागा असलेल्या तालुक्यात फवारणीचा टँक नसलेलं घर शोधावं लागेल, त्यातला औषधाचा वापरू नये एवढंच. पाचशे लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची टाकी वरून कापली की झालं. बर्फ गावातला रसवंतीवालाही देतो. यासाठी अनुदानाची वाट बघावी लागत नाही.

आणि डोक्याच्या माराबद्दल तर संकोचाला जागाच नाही. क्रिकेटमध्ये आयसीसीने २०१९ मध्ये डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायला सुरुवात केली. लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ बसला आणि लाबुशेन खेळला, ते घराघरांत टीव्हीवर दिसलं. आपल्या कबड्डीत सात मैदानात आणि पाच राखीव असतात. बदली करायला आपल्याला नवा नियमही नको आहे. मुलगी गोंधळली, ओकारी आली, डोकं दुखतं म्हणाली, तेच तेच विचारू लागली, उजेड सहन होईना, यांतलं एकही चिन्ह दिसलं की त्या दिवशी ती परत मैदानात जाणार नाही, डॉक्टरांनी सांगेपर्यंत दुसऱ्या दिवशीही नाही. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बाहेर बसवलेल्या मुलीचं निवडीतलं नाव कापायचं नाही. आधीच्या दिवसांच्या खेळावर किंवा बरी झाल्यावर पुन्हा बोलावून तिचा निर्णय करायचा. हे लेखी असेल तरच मुली दुखणं सांगतील. नाहीतर आमची पोर उठली तशा त्या उठत राहतील.

जिल्ह्यातल्या संघटनेला आणि शिबिरं भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती आहे की या उन्हाळ्याची निमंत्रणपत्रिका छापण्याआधी एक पान याचं छापावं. शिबिराच्या पहिल्या तीन दिवसांत पूर्ण ताकदीची पकड नाही. नंतरही दिवसाला ठरावीक मिनिटंच. पकड झाली की तिसऱ्याने अंगावर पडायचं नाही, पडला तर सरावापुरता गुण समोरच्याला. मॅटच्या बाहेर निदान दोन मीटर गाद्या किंवा भुसकट भरलेली पोती. सराव सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. वजन शिबिराच्या पहिल्या दिवशीच घ्यायचं, निवडीच्या आदल्या रात्री नाही. यातल्या एकाही गोष्टीने चढाईचा दम कमी होत नाही.

आपल्या दैनिकाला एक सांगणं आहे. समारोपाची बातमी देताना आपल्या प्रतिनिधीने एवढंच विचारावं: किती खेळाडूंना दुखापत झाली, त्यांना कुणी तपासलं, मैदानावर बर्फ होता का. दोन वर्षं हे प्रश्न छापून आले तर तिसऱ्या वर्षी शिबिरवाले उत्तरं तयार ठेवतील. घोटा पकड सुरक्षित कशी शिकवायची हे बघायला ज्या शिक्षकांना यायचं असेल त्यांनी शनिवारी सकाळी आमच्या शाळेच्या मैदानावर यावं, मुली करून दाखवतील. त्या एसटीतल्या मुलीचे वडीलही परवा येऊन बसले होते. सराव संपेपर्यंत थांबले, काही बोलले नाहीत, पण तिला खेळायला सोडलं आहे.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
पलूस, जि. सांगली